बासष्ट घमेली

कारखान्यात त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. हा माणूसही तसाच होता, उंच, सडसडीत, मान जरा पुढे लोंबणारी. पण नाव पडलं ते अंगकाठीवरून नाही, नजरेवरून. दारातून आत येता येता तो म्हणायचा, "ते कपाट डावीकडे कललंय." कुणीतरी हट्टाने पट्टी लावून बघायचं, आणि कपाट खरंच केसभर कललेलं असायचं.

अवजड मशीनं उचलून हलवणाऱ्या टोळीचा तो मुकादम होता. टोळी लहानशीच होती. तो स्वतः, त्याचा जुना सोबती चिमटा, आणखी चौघे, आणि वर केबिनमध्ये बसणारा क्रेनवाला. काम ऐकायला सोपं. मशीनला वायरचे दोर बांधायचे, हूक अडकवायचा, उचलायचं. पण हूक नेमका कुठे यायला हवा, तिथेच सगळी मेख होती. मशीनचा भार जिथे दोन्ही अंगांना तोलला जातो, त्या जागेच्या बरोबर वर हूक आला तर दहा टनांचं धूड पिसासारखं सरळ वर येतं. वीतभर चुकला, की एक टोक जमिनीला चिकटून राहतं, दुसरं हवेत जातं, आणि मग ते सगळं कुठे झोका घेईल हे कुणी सांगू शकत नाही.

ती जागा ओळंबा खडूने दाखवायचा. मशीनभोवती दोन फेऱ्या मारायच्या, एक डोळा मिटायचा आणि पांढरी फुली काढायची. मग चार बोटं उचलून बघायचं, कुठलं अंग जड लागतंय. खाली टेकवायचं, फुली पुसून थोडी सरकवायची, पुन्हा उचलायचं. तिसऱ्या उचलीला मशीन पाण्यासारखं सपाट. "तीन उचलींच्या वर मी कधी गेलो नाही," हे त्याचं आवडतं वाक्य. ते ऐकवायला त्याला कुठलंही निमित्त चालायचं, बारशाचंसुद्धा.

टोळीचा नियम त्यानेच घालून दिला होता. फुली काढेल त्यानेच शिट्टी वाजवायची, आणि फुली काढेल त्यानेच शेपटाकडे उभं राहायचं. शेपूट म्हणजे मशीनचं मागचं टोक, जिथला दोर धरून मशीनला दिशा द्यायची. फुली चुकली तर सगळ्यांत आधी अंगावर येतं ते शेपूट. क्रेनवाल्याने फक्त शिट्टी ऐकायची. दोन छोट्या म्हणजे वर, एक लांब म्हणजे थांब. बाकी कुणीही ओरडो, साक्षात मालक ओरडो, त्याने कानाडोळा करायचा. फार वर्षांपूर्वी एकदा दहा जण दहा तोंडांनी ओरडले होते, क्रेनवाला गोंधळला होता, आणि चिमट्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. तेव्हापासून तो चहाचा कप उरलेल्या दोन बोटांच्या चिमटीत धरायचा. नियम त्या दिवशी झाला, आणि चिमट्याचं नावही त्याच दिवशी पडलं.

ओळंबा गुणी होता, कष्टाळू होता, कुणाचं काही बुडवणारा नव्हता. पण दुसऱ्याचं चांगलं झालेलं त्याला बघवत नसे. शेजाऱ्याच्या कुंडीला आपल्यापेक्षा चार फुलं जास्त आली तरी त्याच्या पोटात दुखायचं. चिमट्याला डॉक्टर म्हणाले, "तुमचं काळीज तिशीतल्या माणसासारखं आहे," तर हा आठवडाभर त्याच्याशी धड बोलला नाही. बायको म्हणायची, "अहो, त्याचं काळीज चांगलं निघालं म्हणून तुमचं खराब झालं का?"  यावर तो चपलेतली माती झाडत बसायचा.

या दुखण्याचं मूळ शाळेत होतं. आठवीत मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, 'समजा, ती संख्या क्ष आहे.' हा उभा राहिला आणि म्हणाला, "समजायचं कशाला, सर? ज्याला माहीत आहे त्याला विचारावं." वर्ग हसला. मास्तरांनी त्याला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. थोरला भाऊ त्याच मास्तरांचा लाडका. तो पुढे शिकला, खुर्चीत बसला. याने शाळा सोडली आणि दोर धरला. पण बीजगणित हा शब्द कानावर पडला की आजही त्याला त्या बाहेरच्या भिंतीचा गारवा पाठीला जाणवायचा.

आणि बीजगणित शेवटी त्याच्या घरातच नांदायला आलं.

मुलगा छापखान्यात नोकरीला होता. त्याने लग्न ठरवलं ते याच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काम करणाऱ्या मुलीशी. सून चांगली होती. मोठ्याने हसायची, सासूला हाताशी धरून कामं उरकायची, सासऱ्याला "बाबा" म्हणायची. पहिल्याच महिन्यात नवं लोखंडी कपाट आलं. जिन्याच्या वळणावर हमाल अडले. ओळंब्याने एक डोळा मिटून निकाल दिला, "नाही जाणार. परत पाठवा." सुनेने टेप लावला, पावतीच्या मागे पेन्सिलने दोन ओळी लिहिल्या, त्यात एक क्ष होता, आणि म्हणाली, "बाबा, पाय काढून आडवं धरलं तर दोन बोटं जागा उरते." पाय काढले. कपाट वर गेलं. दोनच बोटं जागा उरली.

"बघा हो!" बायको टाळी वाजवून म्हणाली.

"पायच काढायचे तर मग काय," ओळंबा म्हणाला. "कपाटच कापलं असतं तर मी खिशात घालून आणलं असतं."

कामावर तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "बाबा, तिथे मी तुम्हाला मुकादमच म्हणणार हं. कामावर नातं नको." सगळा कारखाना त्याला मुकादम म्हणायचा आणि त्याला ते आवडायचं. पण सुनेच्या तोंडून ते आलं की त्याला उगाच वाटायचं, हिने आपल्याला एक पायरी खाली बसवलं. दोन महिन्यांत तिने पाण्याची टाकी आणि एक धुराडं कागदावर मांडून आधीच सांगितलं, हूक कुठे हवा ते. दोन्ही पहिल्या उचलीत सरळ आली. टोळीतले पोरगे म्हणाले, "वहिनींचा कागद म्हणजे पक्का!"  त्या दोन्ही वेळा फुली ओळंब्यानेच काढली होती, शिट्टीही त्याच्याच गळ्यात होती, पण जागा तिने सांगितलेली. आपल्या हाताने दुसऱ्याची सही करावी तसं त्याला झालं.

मग रेड्याची वेळ आली.

रेडा म्हणजे लोखंड रंधायचं जुनं मशीन. लांबलचक, काळंकुट्ट. त्याचा पाट पुढे जायचा, मागे यायचा, आणि प्रत्येक फेरीला मागच्या टोकाला दणका बसायचा. ओळंबा कामाला लागला त्याच्या आधीपासून ते त्याच जागी होतं. आता त्याला शेजारच्या नव्या शेडमध्ये न्यायचं होतं. अडचण एवढीच, की रेडा जमिनीतून वर आलेल्या चार जाड बोल्टांवर बसवलेला होता. सरळ वर आला तर बोल्टांतून अलगद सुटणार. जरा तिरपा झाला तर बोल्टांत आवळून बसणार, आणि मग कधी हिसडा मारून सुटेल याचा नेम नाही. मागे हातभर अंतरावर भिंत. शेपटाकडचा माणूस त्या फटीत.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "मुकादम, इथे तीन उचली चालणार नाहीत. एकच. तेव्हा या वेळी फुली तुमच्या सूनबाई काढतील."

"काढू देत की," ओळंबा म्हणाला. 

"नियम तुमचाच. शिट्टीपण त्यांना द्या."

ओळंब्याने गळ्यातली शिट्टी काढली. दोरी कानात अडकली. चिमट्याने पुढे होऊन ती सोडवली आणि हळूच म्हणाला, "तोंड एवढं पाडू नकोस. शिट्टी घरातच राहतेय."

ओळंब्याला नेमकं तेच झोंबलं.

दुपारी सुनेने रेड्याचं वजन करायला घेतलं. पुढे एक तेलाचा जॅक, मागे एक, मध्ये बरोबर चार मीटर. दोन्ही जॅकना काटे होते. कुठल्या जॅकवर किती भार आला ते काटा दाखवायचा. बोल्टांच्या चाक्या, म्हणजे नट, सैल करून रेडा दोन्हीकडून नखभर उचलला. सुनेने काटे वाचले, वहीत लिहिले, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा वाचले. आठी तशीच.

ती ओळंब्याकडे आली. "मुकादम, ड्रॉइंगमध्ये याचं वजन आठ हजार किलो आहे. काटे मिळून आठ हजार नऊशे दाखवतायत. आणि ड्रॉइंगच्या मानाने मागचं अंग फारच जड लागतंय. जॅकचे काटे बरोबर आहेत ना?"

ओळंब्याला कळलं की घोडं कुठे पेंड खातंय.

रेड्याच्या पोटात मागच्या टोकाला एक पोकळी होती. ती त्याने आणि त्याच्या वस्तादाने तीस वर्षांपूर्वी भरली होती. तेव्हा रेडा दणक्याने इतका थरथरायचा की काम वाकडं व्हायचं. वस्ताद म्हणाले होते, "याच्या ढुंगणात वजन घाल, गप बसेल." दोघांनी लोखंडाचा चुरा आणि सिमेंट कालवून पोकळी गच्च भरली, वर पत्रा ठोकला, रंग मारला. परवानगी काढली नव्हती म्हणून कुणाला सांगितलं नाही. रेडा खरंच गप बसला. तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांसमोर नव्या तेलाची तारीफ केली, तेलामुळे थरथर गेली म्हणून. वस्ताद पुढे वारले. आता ही गोष्ट जगात एकट्या ओळंब्याला माहीत होती.

सांगायला एक क्षण पुरला असता. पण शिट्टी सुनेच्या गळ्यात लटकत होती.

"पुढचा काटा ठीक आहे," तो म्हणाला. "मागचा पहिल्यापासून जास्तच दाखवतो. त्याच्यावर जाऊ नकोस. ड्रॉइंगच खरं धर."

"असं होय," सून म्हणाली. तिने ते वहीत लिहून घेतलं. सासऱ्याचा शब्द, वर मुकादमाचा. ती शंका कशाला घेईल?

ती गेल्यावर चिमटा जवळ आला. "मागचा काटा? अरे, गेल्याच महिन्यात आपण दोघांनी तपासून..."

"तू गप बस."

"मी गप बसतो. पण तू काय बोललास?"

ओळंबा चालू लागला. सुनेचं काही वाईट व्हावं असं त्याच्या मनात नव्हतं. त्याने सगळं ठरवून ठेवलं होतं. उद्या ती ड्रॉइंगप्रमाणे फुली काढील. सगळे जमतील. हूक खाली येईल. आणि अगदी शेवटच्या क्षणी तो हात वर करून म्हणेल, "थांबा! फुली चुकलीय." मग सावकाश पुढे जाईल, तिची फुली पुसेल, आणि आपली काढील. साहेब बघतील. पोरगे बघतील. कागदाला काय कळतंय, असं कुणीतरी म्हणेल. त्याला तेवढंच हवं होतं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. मुलगा बायकोची थट्टा करत होता, "आता शिट्टी घालूनच झोपणार का?" ओळंब्याची बायको वाढत होती.

"उद्या तू उभी कुठे राहणार गं?" तिने सुनेला विचारलं.

"शेपटाकडे, आई. फुली माझी ना. नियमच आहे तसा."

"म्हणजे हे उभे राहतात तिथेच? मग काळजी नाही." ती नवऱ्याकडे वळली. "काय हो, तिथे काही भीती नसते ना?"

"नसते," ओळंबा म्हणाला.

घास तोंडात तसाच राहिला. त्याला एकदम दिसलं. तो हात वर करून "थांबा!" म्हणेल, पण क्रेनवाला ऐकणार नाही. शिट्टीशिवाय दुसरं काही ऐकायचंच नाही, हे त्याच्या डोक्यात ओळंब्यानेच वर्षानुवर्षं ठोकून बसवलं होतं. मालक ओरडला तरी नाही, मग मुकादमाचं कोण ऐकतो! आणि त्या गलक्यात तीही दुसरीकडेच बघत असली तर? मागे भिंत, पुढे रेड्याचं शेपूट, मध्ये ही.

"अहो, मीठ कमी आहे का?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग असं तोंड का?"

"तो काटा," तो म्हणाला आणि सुनेकडे बघितलं.

"हो ना बाबा, तुम्ही सांगितलंत म्हणून बरं," सून म्हणाली. "नाहीतर मी चुकलेच असते. मी साहेबांनापण सांगितलं, मुकादमांच्या लक्षात आलं म्हणून."

 तिने त्याचं कौतुक केलं होतं, तेही खोट्यासाठी. तो हात धुवायला उठला. सकाळी लवकर जाऊन सांगू, कुणी यायच्या आत, एवढं त्याने मनाशी ठरवलं. घरी बायको आणि मुलासमोर ते त्याच्या जिवावर आलं.

सकाळी तो नेहमीच्या आधी अर्धा तास पोचला. शेडचं दार उघडंच होतं. सुनेची दुचाकी बाहेर. आत चिमटा पालथ्या बादलीवर बसून चहा पीत होता, आणि सून रेड्याच्या अंगाला टेकून वहीत लिहीत होती. तिच्या हाताला कोपरापर्यंत तेल.

"लवकर आलात, मुकादम!" ती म्हणाली. "बरं झालं. बघा ना, गंमत झाली."

ओळंब्याने बघितलं. पुढचा जॅक मागे होता, मागचा पुढे.

"तुम्ही म्हणालात मागचा काटा जास्त दाखवतो. मी म्हटलं, किती जास्त तेवढं कळलं तर तोही वापरता येईल. म्हणून आम्ही जॅकांची अदलाबदल केली. काट्यात खोट असेल तर तो पुढे लावल्यावर पुढेही जास्त दाखवेल ना? पण तसं नाही झालं. पुढे तेच चार हजार चारशे नव्वद. मागे तेच चार हजार चारशे दहा. दोन्ही काटे खरे आहेत."

चिमट्याने चहाचा मोठा घोट घेतला आणि छताकडे बघितलं.

"म्हणजे नऊशे किलो खरेच आहेत," सून पुढे म्हणाली. तिला राहवत नव्हतं, डोळे चमकत होते. "ड्रॉइंगमध्ये नाहीत पण मशीनमध्ये आहेत. तो आपला क्ष. मग म्हटलं, क्ष सापडला, पण तो बसलाय कुठे? पुढच्या जॅकपासून त्याचं अंतर य धरलं. मागच्या जॅकवरचा भार गुणिले चार मीटर, सतरा हजार सहाशे चाळीस. त्यातले ड्रॉइंगप्रमाणे मूळ मशीनचे, आठ हजार गुणिले एक पूर्णांक आठ, म्हणजे चौदा हजार चारशे वजा केले. उरले तीन हजार दोनशे चाळीस. ते सगळे या नऊशे किलोंमुळे. भागले नऊशेने. तीन पूर्णांक सहा."

तिने टेप धरला, रेड्याच्या अंगावर मोजलं आणि खडूने एक लहान वर्तुळ काढलं. "इथे काहीतरी आहे, मुकादम. काय आहे ते कागदाला नाही कळत. पण इथे आहे."

ओळंब्याने त्या वर्तुळाकडे बघितलं. ते ठोकलेल्या पत्र्याच्या बरोबर मध्यावर होतं. तीस वर्षांच्या रंगाखाली पत्र्याची कडसुद्धा दिसत नव्हती. तिने रेड्याच्या पोटात हात घातला नव्हता, साधं वाकूनही बघितलं नव्हतं. दोन काटे वाचले आणि त्याच्या मनातली गोष्ट बाहेर काढून खडूने गोल करून ठेवली. त्याच्या अंगाचा असा जळफळाट झाला की क्षणभर तो काल आपण काय केलं तेही विसरला.

"नऊशे नसणार," तो म्हणाला. "फार तर सहाशे."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं.

चिमट्याने कप खाली ठेवला. सून त्याच्याकडे बघत राहिली. तिने एक एक करून सगळं जुळवलं असावं, कारण तिचा चेहरा आधी गोंधळला, मग उतरला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "बाबा, काटा खोटा नव्हता."

कामावर तिने त्याला बाबा म्हटलं ते त्या एकाच वेळी. त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"नव्हता," तो म्हणाला. "खोटा मी होतो. आज सांगायलाच लवकर आलो. तू विश्वास ठेव नाहीतर ठेवू नकोस."

"पण का?"

ओळंब्याने चपलेतली माती झाडायला पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. "शिट्टी," तो म्हणाला. "ती तुझ्या गळ्यात बघवेना."

 मग सुनेने वहीचं पान उलटलं. आवाज कोरडा होता, पुन्हा कामाचा. "काय भरलंय आत?"

"लोखंडाचा चुरा आणि सिमेंट. मी आणि वस्ताद."

"किती?"

"बासष्ट घमेली. मीच वाहिली, मीच मोजली. एकात पंधरा किलो. वस्ताद काट्यावर ठेवून द्यायचे, मिश्रण बिघडू नये म्हणून."

"बासष्ट गुणिले पंधरा," तिने लिहिलं. "नऊशे तीस. मग तुम्ही सहाशे कुठून काढलेत?"

 तीस वर्षं ओळंबा घमेली मोजत आला होता, गुणाकार कधी केला नव्हता. सहाशे हा नजरेचा आकडा होता.

"पण माझ्याकडे तीस किलो कमी येतायत," सून म्हणाली. तिने पेन्सिल कपाळाला टेकवली. "कुठेतरी चुकलेय मी."

ओळंबा विचारात पडला. आणि मग त्याला आठवलं. त्याला हसू आलं, नको तेव्हा, नको तिथे.

"नाही चुकलीस," तो म्हणाला. "दोन घमेली सांडली. वस्तादांच्या पायावर. पंधरा दिवस लंगडत होते, आणि पंधरा दिवस मला शिव्या देत होते."

चिमट्याने नुकताच घेतलेला चहाचा घोट नाकातून उडवला. सून हसली नाही, पण तिच्या ओठाची कड हलली. तिने बासष्ट खोडून साठ लिहिले आणि खाली रेघ मारली.

मग तिने फुलीची जागा मोजली. पुढच्या जॅकपासून एक मीटर अठ्ठ्याण्णव सेंटीमीटर. ओळंब्याने तिच्या आधीच आपलं बोट रेड्यावर ठेवलं होतं, जिथे त्याने आज सगळ्यांसमोर फुली काढायची ठरवली होती तिथे. दोन्हींत तीन बोटांचं अंतर पडलं. म्हणजे सगळं गुपित खिशात असूनही तो चुकलाच असता, आणि बोल्टांत तीन बोटंही पुरली असती. त्याने बोट उचललं आणि पाठीमागे लपवलं.

दहा वाजता सगळे जमले. साहेब आले. बोल्टांच्या चाक्या पार काढल्या, हूक खाली आला. सुनेने फुली काढली आणि दोर घेऊन शेपटाकडे जायला निघाली. ओळंबा तिच्या वाटेत उभा राहिला.

"दोर इकडे दे. तिथे मी उभा राहतो."

"नियम तुमचाच आहे, मुकादम. फुली माझी, म्हणजे शेपूट माझं."

"शिट्टी तुझीच. तू पुढून बघ, पुढून जास्त दिसतं. शेपूट माझं."

"का? माझ्या आकड्यावर भरवसा नाही?"

"भरवसा नसता तर मी त्या फटीत शिरायला निघालो असतो का?"

तिने त्याच्याकडे बघितलं. मग दोर त्याच्या हातात दिला. तो रेडा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरला. पाठ भिंतीला लागली. भिंत गार होती, शाळेतल्यासारखीच.

दोन छोट्या शिट्ट्या वाजल्या.

वायर ताणली. रेडा करकरला. ओळंब्याने नजर बोल्टांवर रोवली. आता खरं सांगायचं तर, आपल्याच छातीपासून हातभर अंतरावर नऊ टन लोखंड उठत असताना, त्याच्या मनात कुठेतरी एक आशा होतीच. अगदी थोडं, नखभर, केसभर कलावं. कुणाला दिसू नये, फक्त आपल्याला दिसावं. पुढचे दोन बोल्ट आणि मागचे दोन बोल्ट एकाच क्षणी सुटले. हातातला दोर सैलच राहिला. ओढायचं काही कामच पडलं नाही. रेडा पाण्यासारखा सपाट वर गेला, पहिल्या उचलीत.

पोरग्यांनी टाळ्या वाजवल्या. "वहिनी!" कुणीतरी ओरडलं. साहेब सुनेशी हात मिळवायला गेले. ओळंबा सैल दोर हातात घेऊन फटीत उभा होता, आणि त्याच्या पोटात नेहमीसारखं दुखत होतं.

पुढचा आठवडाभर सून त्याच्याशी घरी कामापुरतंच बोलली. बायकोला काही कळेना. "काय केलंत तुम्ही?" ती विचारायची. तो म्हणायचा, "मीठ वाढ." एका संध्याकाळी सुनेने घरी येऊन ड्रॉइंगची गुंडाळी त्याच्यासमोर टेबलावर उलगडली. रेड्याचं ड्रॉइंग होतं. मागच्या टोकाला नव्या शाईने एक भाग रेघारेघांचा केला होता आणि बाजूला तिच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'आतील भराव, लोखंडी चुरा व सिमेंट, साठ घमेली, ९०० किलो. भराव करणारे: वस्ताद व मुकादम.'

"साहेबांनी सही केलीय," ती म्हणाली. "पुन्हा कधी रेडा हलवायचा झाला तर पुढच्याला माहीत असावं. कोणाला विचारायला लागू नये."

ओळंब्याने चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. तीस वर्षांत त्याचं काम पहिल्यांदा कागदावर आलं होतं, आणि तेही ड्रॉइंगवर.  बायको मागून वाकून बघत होती. "किती छान लिहिलंय बाई," ती म्हणाली.

"छान आहे," ओळंबा म्हणाला. मग त्याने बोट त्या शेवटच्या ओळीवर ठेवलं.

"पण घमेली सगळी मी वाहिली," तो म्हणाला. "वस्तादांचं नाव आधी का?"

सुनेने सासूकडे बघितलं. सासूने सुनेकडे. आणि आठवड्यात पहिल्यांदा सून मोठ्याने हसली.